एका आकड्यामागचे दहा आकडे : रिलेटिव्ह ॲथलेटिक स्कोअरचे परीक्षण

फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसमध्ये एनएफएलचे, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, कम्बाइन हे चाचणी-शिबिर सुरू झाले की ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, उतरू पाहणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूंची छोटी रंगीत पत्रके चाहत्यांमध्ये फिरू लागतात. पत्रकाच्या माथ्यावर खेळाडूचे नाव, त्याची खेळण्याची जागा आणि शून्य ते दहा यांमधला एक आकडा असतो. खाली उंची, वजन आणि धावण्या-उड्यांच्या चाचण्यांचे निकाल ओळीने मांडलेले असतात. हा माथ्यावरचा आकडा म्हणजे रिलेटिव्ह ॲथलेटिक स्कोअर. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘रास’ म्हणतात. केंट ली प्लॅट यांनी तयार केलेले हे गुणांकन कोणालाही पैसे न मोजता पाहता येते. गेले काही हंगाम ड्राफ्टपूर्वीच्या दोन महिन्यांत मी ते जवळजवळ रोज वापरत आलो आहे आणि त्या वापरातून झालेले माझे मत आधीच सांगून टाकतो: साधन फार चांगले आहे, पण ज्या आकड्यामुळे ते प्रसिद्ध झाले तो माथ्यावरचा आकडा हा त्यातला सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे.

या गुणांकनाचा कच्चा माल कुठून येतो, ते आधी पाहायला हवे. १९८२ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा येथे पहिले राष्ट्रीय शिबिर भरले, तेव्हा त्यात १६३ खेळाडू होते आणि संघांना मुख्यतः त्यांची एकत्र वैद्यकीय तपासणी करून घ्यायची होती. १९८७ पासून कम्बाइन इंडियानापोलिसला भरते आणि आता तेथे तीनशेहून अधिक खेळाडूंना बोलावले जाते. तेथे ४० यार्डांची धाव होते, तिच्यातच १० आणि २० यार्डांच्या टप्प्यांची वेळ घेतली जाते. जागेवरून उभी उडी आणि लांब उडी होते. २० यार्डांची शटल धाव (इकडून तिकडे वळत धावायची) आणि तीन शंकूंची धाव होते. आणि २२५ पौंडांचा, म्हणजे सुमारे १०२ किलोंचा बार छातीवरून किती वेळा उचलता येतो ते मोजले जाते. उंची आणि वजन धरून ही दहा मोजमापे झाली. रास याच दहा आकड्यांचे बनलेले आहे.

त्याची रीत समजायला सोपी आहे. खेळाडूचे प्रत्येक मोजमाप १९८७ पासून त्याच जागेसाठी नोंदल्या गेलेल्या खेळाडूंच्या मोजमापांशी ताडून पाहायचे, तो त्यांच्यात कितव्या पर्सेंटाइलला बसतो, म्हणजे शंभरातल्या किती जणांच्या पुढे आहे, हे काढायचे, त्याला शून्य ते दहाच्या मापात बसवायचे आणि शेवटी या सगळ्यांचा मेळ घालून एक आकडा काढायचा. पाच म्हणजे त्या जागेचा सरासरी खेळाडू. नावातला ‘रिलेटिव्ह’ हा शब्द इथे खरोखर काम करतो. २०१७ च्या कम्बाइनमध्ये कूपर कप ४.६२ सेकंदांत ४० यार्ड धावला आणि माइल्स गॅरेट ४.६४ सेकंदांत. कागदावर दोघे जवळपास सारखेच. पण कप हा २०४ पौंडांचा वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) होता आणि गॅरेट २७२ पौंडांचा एज रशर (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर कडेने चालून जाणारा बचावपटू). रिसीव्हरसाठी ही वेळ संथच म्हणायची, तर तेवढ्या वजनाच्या बचावपटूसाठी ती थक्क करणारी. त्याच न्यायाने २०२२ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाचा जॉर्डन डेव्हिस ३४१ पौंड वजन घेऊन ४.७८ सेकंदांत धावला, तेव्हा त्या वेळेकडे डिफेन्सिव्ह टॅकलची, म्हणजे मधल्या फळीतल्या धिप्पाड बचावपटूची, वेळ म्हणूनच पाहायला हवे होते. प्रक्षेपणात तीच वेळ नुसती पडद्यावर झळकली, तर नव्या प्रेक्षकाला तिच्यातले मोल कळणार नाही. हे पत्रक ते एका नजरेत दाखवते, आणि याबद्दल मी त्याला पूर्ण गुण देतो.

वजन आणि वेग यांची सांगड घालण्याचा प्रयत्न याआधीही झाला आहे. क्रीडालेखक बिल बार्नवेल यांनी २००८ मध्ये रनिंग बॅकसाठी, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यांसाठी, ‘स्पीड स्कोअर’ मांडला. त्यात वजनाला २०० ने गुणायचे आणि ४० यार्डांच्या वेळेच्या चौथ्या घाताने भागायचे. चांगल्या खेळाडूचे उत्तर साधारण शंभराच्या वर येते. क्रिस जॉन्सन २००८ मध्ये १९७ पौंडांचा असताना ४.२४ सेकंदांत धावला होता, त्याचे उत्तर सुमारे १२२ येते. सक्वॉन बार्कली २०१८ मध्ये २३३ पौंडांचा असताना ४.४० सेकंदांत धावला, त्याचे १२४ च्या थोडे वर जाते. घड्याळात बराच मागे असलेला बार्कली इथे पुढे येतो, कारण तो वेग त्याने ३६ पौंड जास्त घेऊन गाठला होता. पुढे दोघांनीही एका हंगामात दोन हजार यार्डांचा टप्पा ओलांडला, जॉन्सनने २००९ मध्ये २,००६ यार्ड आणि बार्कलीने २०२४ मध्ये २,००५ यार्ड. स्पीड स्कोअर मला आवडतो, कारण तो एकाच जागेपुरता एकच प्रश्न विचारतो. रासचा आवाका त्याहून कितीतरी मोठा आहे. तो सर्व जागांना आणि सर्व चाचण्यांना एकाच मापात बसवतो. त्याचे बळ त्यात आहे आणि त्याची अडचणही तिथूनच सुरू होते.

ही अडचण मला सर्वांत स्पष्टपणे डीके मेटकाफच्या पत्रकात दिसली. मिसिसिपी विद्यापीठाचा हा रिसीव्हर २०१९ च्या कम्बाइनला आला तेव्हा त्याची उंची ६ फूट ३ इंचांहून थोडी जास्त आणि वजन २२८ पौंड होते. त्याने ४० यार्ड ४.३३ सेकंदांत पार केले, ४०.५ इंच उभी उडी मारली, ११ फूट २ इंच लांब उडी मारली आणि बार २७ वेळा उचलला. त्यानंतर वळणांच्या चाचण्या झाल्या.

तीन शंकूंची धाव एकदा नीट पाहिली की तिचे महत्त्व कळते. तीन शंकू काटकोनात, एकमेकांपासून पाच-पाच यार्डांवर ठेवलेले असतात. खेळाडू एक हात जमिनीला टेकवून सुरुवात करतो, पहिल्या शंकूपासून दुसऱ्यापर्यंत धावून रेषेला हात लावतो, तसाच परत येऊन पुन्हा हात लावतो, मग दुसऱ्या शंकूला वळसा घालून तिसऱ्याच्या आतून बाहेर फिरतो आणि दुसऱ्याला बाहेरून वळसा घालत पहिल्याकडे येतो. त्यात सरळ धावण्याला फारसा वाव नसतो. कंबर किती खाली जाते, वळताना बाहेरचा पाय गवतात किती ठाम रोवला जातो, वेग मारून पुन्हा उचलायला किती पावले लागतात, हेच तिथे कळते. उंच खेळाडूचे शरीर वळणावर बाहेरच्या बाजूला फेकले जाताना डोळ्यांना दिसते. सरळ रेषेत जे अंगवजन आणि लांब टांगा त्याच्या कामी आल्या होत्या, त्यांनाच इथे आवरावे लागते. मेटकाफला या चाचणीला ७.३८ सेकंद लागले आणि शटल धावेला ४.५०. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला २००० मध्ये याच दोन चाचण्यांना ७.२० आणि ४.३८ सेकंद लागले होते, आणि ४० यार्डांना ५.२८ सेकंद घेणाऱ्या ब्रेडीला चपळ खेळाडू कोणीच म्हणाले नव्हते.

अशा खेळाडूचे दहा आकडे एकत्र केले की उत्तर चांगलेच येणार, कारण आकारमान, वेग आणि उड्या मिळून वळणांच्या दोन आकड्यांना झाकून टाकतात. पण मेटकाफविषयी खरे सांगण्यासारखे सारे या दोन टोकांमधल्या अंतरातच होते. तो सरळ मार्गांवर बचावपटूंना मागे टाकेल आणि झटक्यात वळायच्या मार्गांवर अडखळेल, असे पत्रकाच्या खालच्या ओळी सांगत होत्या. तो ६४ वा निवडला गेला आणि त्याच्याआधी आठ रिसीव्हर निवडले गेले. २०१८ मध्ये मानेच्या दुखापतीमुळे त्याचा हंगाम अर्ध्यावर संपला होता, त्यामुळे सगळे खापर या दोन चाचण्यांवर फोडता येणार नाही. सिॲटलने त्याला घेतले, सरळ आणि खोल मार्गांवर धावू दिले आणि २०२० मध्ये त्याने १,३०३ यार्ड मिळवले. त्याच वर्षी ॲरिझोनाच्या बडा बेकरने सिॲटलचा पास मधेच पकडून धाव घेतली, तेव्हा मेटकाफने ताशी २२.६४ मैलांचा, म्हणजे सुमारे ३६ किलोमीटरचा वेग गाठत त्याला गोलरेषेच्या अलीकडे गाठून खाली पाडले. ती धाव म्हणजे त्याच्या पत्रकातली ‘वेग’ ही ओळ जशीच्या तशी मैदानावर उतरलेली होती.

आता कूपर कपचे पत्रक त्याच्या शेजारी ठेवावे. त्याची ४० यार्डांची वेळ मी वर दिलीच आहे आणि त्याची ३१ इंचांची उभी उडीही नजरेत भरणारी नव्हती. पण त्याने तीन शंकूंची धाव ६.७५ सेकंदांत आणि शटल धाव ४.०८ सेकंदांत पूर्ण केली. म्हणजे तीन शंकूंच्या धावेत तो मेटकाफच्या सहा दशांश आणि शटल धावेत चार दशांश सेकंद पुढे होता, आणि या चाचण्यांत एवढे अंतर फार मोठे असते. ईस्टर्न वॉशिंग्टनचा हा खेळाडू ६९ व्या क्रमांकावर लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला आणि २०२१ च्या हंगामात १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन घेऊन तिन्ही याद्यांत पहिला आला. त्याचे सगळे यश दोन चाचण्यांमुळे झाले असे मी म्हणणार नाही. बचाव वाचण्याची त्याची जाण कोणत्याही घड्याळात सापडत नाही. मात्र पत्रकाचा माथा पाहून त्याला बाजूला सारणारा वाचक आणि खालच्या दोन ओळींवर बोट ठेवून त्याचे सामने पुन्हा पाहायला बसणारा वाचक यांच्यात मोठा फरक पडला असता. रासच्या पत्रकात आकारमान, वेग, स्फोटकता आणि चपळता यांना वेगवेगळे शेरे दिलेले असतात. माझ्या मते या साधनाचा गाभा हे शेरेच आहेत आणि ते माथ्यावरच्या आकड्याएवढ्याच ठळक अक्षरांत छापायला हवेत.

दुसरी मोठी त्रुटी न झालेल्या चाचण्यांची आहे. अलीकडे बरेच खेळाडू कम्बाइनला येऊन ४० यार्ड धावतात, दोन उड्या मारतात आणि वळणांच्या चाचण्या व बार सोडून देतात. ठरावीक किमान मोजमापे असली की गुणांकन निघते, त्यामुळे ज्याने स्वतःला जमणाऱ्याच चाचण्या दिल्या त्याचा आकडा आणि ज्याने सगळ्या दिल्या त्याचा आकडा एकाच यादीत शेजारी-शेजारी येतात. मेटकाफने वळणांच्या चाचण्या टाळल्या असत्या तर त्याचे पत्रक अधिक देखणे झाले असते आणि त्याच्याविषयीची आपली माहिती कमी झाली असती. काही जण तर काहीच देत नाहीत: मार्व्हिन हॅरिसन ज्युनियरने २०२४ मध्ये ना कम्बाइनला चाचणी दिली ना प्रो डेला, म्हणजे विद्यापीठातल्या चाचणी-दिवसाला, तरीही ॲरिझोनाने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले. रिकाम्या पत्रकाचा अर्थ ‘वाईट’ असा लावणे जितके चुकीचे, तितकेच अर्ध्या भरलेल्या पत्रकाला पूर्ण समजणे चुकीचे आहे. रिकाम्या जागा पत्रकात दिसतात, हे खरे. पण लोक फक्त आकडा उचलून पुढे पाठवतात तेव्हा त्या जागा मागेच राहतात.

मोजण्याच्या पद्धतीतही फरक असतो. कम्बाइनमध्ये खेळाडूची पहिली हालचाल पाहून माणूस घड्याळ सुरू करतो आणि शेवट यंत्र नोंदवते. विद्यापीठांच्या प्रो डेला बहुधा सगळेच हाताच्या घड्याळांवर चालते. रेषेवर उभ्या असलेल्या स्काउटांच्या घड्याळांत वेगवेगळ्या वेळा येतात, आणि पृष्ठभागही प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. प्रो डेच्या वेळा सर्वसाधारणपणे कमी निघतात, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. २०२१ मध्ये साथीमुळे इंडियानापोलिसला चाचण्या झाल्याच नाहीत आणि त्या वर्षीचे बहुतेक सगळे आकडे प्रो डेचेच आहेत. त्यामुळे त्या वर्षाचा खेळाडू आणि आधीच्या वर्षांचा खेळाडू एका मापात तोलताना मी शंभरावा हिस्सा सेकंदांवरून कधीच वाद घालत नाही.

त्याच २०२१ च्या वर्गातला मायका पार्सन्स मला या साधनाची आणखी एक बाजू दाखवून गेला. २४६ पौंडांचा हा खेळाडू पेन स्टेटच्या प्रो डेला ४.४ सेकंदांच्या आत धावला आणि लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) म्हणून बाराव्या क्रमांकावर डॅलसकडे गेला. लाइनबॅकरांच्या रांगेत त्याचे वजन भरभक्कम वाटते. एज रशरांच्या रांगेत तेच वजन हलके ठरते आणि वेग मात्र अलौकिक दिसतो. डॅलसने त्याला पहिल्याच वर्षी मोठ्या प्रमाणात क्वार्टरबॅकच्या मागे सोडले, त्याने १३ सॅक केले, म्हणजे क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच पाडले, आणि तो वर्षातला सर्वोत्तम नवा बचावपटू ठरला. मोजमापे बदलली नव्हती. बदलली होती ती त्याच्या तुलनेला घेतलेली रांग. दोन जागांच्या सीमेवरच्या खेळाडूंचे गुण मी म्हणूनच नेहमी दोन्ही जागांसाठी पाहतो, आणि असे पाहता येणे हा या साधनाचा फारसा चर्चेत नसलेला मोठा गुण आहे.

जागेनुसार या गुणांकनाची किंमतही बदलते. क्वार्टरबॅकसाठी ते मी जवळजवळ वापरतच नाही. अँथनी रिचर्डसनने २०२३ मध्ये पूर्ण १०.०० गुण मिळवले: ६ फूट ४ इंच, २४४ पौंड, ४.४३ सेकंद, ४०.५ इंचांची उडी. इंडियानापोलिसने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले. फ्लोरिडा विद्यापीठाकडून त्याने केवळ १३ सामन्यांत सुरुवात केली होती आणि शेवटच्या हंगामात त्याचे ५३.८ टक्के पासच पूर्ण झाले होते; २०२४ मध्ये एनएफएलमध्ये हे प्रमाण ४७.७ टक्क्यांवर आले. त्याच्या पायांविषयी गुणांकन अगदी बरोबर होते, पण क्वार्टरबॅकचे पहिले काम चेंडू योग्य वेळी योग्य हातात पोहोचवणे हे असते आणि त्या दहा आकड्यांपैकी एकही त्या कामाशी बोलत नाही.

आक्रमक टॅकल (क्वार्टरबॅकला राखणारा), एज रशर आणि कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा) यांच्या बाबतीत मात्र मी पत्रक उघडल्याशिवाय मत देत नाही, कारण या जागांवर समोरच्याच्या हालचालीला क्षणात उत्तर द्यावे लागते आणि शरीराची मर्यादा मेहनतीने फार झाकता येत नाही. पण तिथेही ऑर्लँडो ब्राउन ज्युनियरसारखा खेळाडू भेटतो. २०१८ मध्ये ६ फूट ८ इंच आणि ३४५ पौंडांच्या या टॅकलने ४० यार्डांना ५.८५ सेकंद घेतले, बार १४ वेळाच उचलला आणि १९.५ इंचच उडी मारली. तो ८३ व्या क्रमांकापर्यंत घसरला, आणि नंतर चार वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंत, निवडला जाऊन कॅन्सस सिटीबरोबर सुपर बोल हा लीगचा अंतिम सामनाही जिंकला. टॅकलच्या हातांची लांबी फार मोलाची असते, कारण लांब हातांचा खेळाडू रशरला आधी धरतो; रासच्या दहा आकड्यांत हातांची लांबी येत नाही. उलट लांब हातांमुळे बारला जास्त अंतर उचलावे लागते आणि त्या ओळीतले गुण कमीच होतात. या एका जागेसाठी तरी हातांची लांबी पत्रकात यायलाच हवी, असे मला मनापासून वाटते.

उलट टोकाला २००८ चा व्हर्नन गोल्स्टन आहे. त्याने बार ३७ वेळा उचलला, न्यूयॉर्क जेट्स संघाने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले आणि त्याच्या नावावर एनएफएलमध्ये एकही सॅक लागला नाही. जॉन रॉस २०१७ मध्ये ४.२२ सेकंदांत धावून तेव्हाचा विक्रम मोडून गेला, सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले आणि पहिल्या हंगामात त्याला एकही झेल घेता आला नाही. त्याच्या पुढच्याच क्रमांकावर पुढे अव्वल क्वार्टरबॅक ठरलेला पॅट्रिक महोम्स निवडला गेला.

जास्त गुणांचे खेळाडू जास्त यशस्वी होतात, असे दाखवणारे तक्ते दरवर्षी फिरतात. ते वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: जास्त गुणांचा खेळाडू आधी निवडला जातो, त्याच्यावर संघाचे जास्त पैसे लागलेले असतात आणि म्हणून त्याला चुका करूनही मैदानावर ठेवले जाते. सहाव्या फेरीतल्या खेळाडूला दोन वाईट सराव सामनेही बाहेर काढू शकतात. तेव्हा यशाचा किती भाग पायांचा आणि किती भाग मिळालेल्या संधीचा, हे त्या तक्त्यांतून वेगळे काढता येत नाही. रासने हे वेगळे काढल्याचा दावा कधी केलेला नाही. तो दावा तक्ते पुढे पाठवणारे करतात.

पुढच्या कम्बाइनच्या वेळी मी पत्रक असे वाचणार आहे: आधी न दिलेल्या चाचण्या, मग वेळा कुठे घेतल्या ते, मग १० यार्डांचा टप्पा आणि तीन शंकू, आणि दोन ओळींत मोठे अंतर दिसले तर त्या खेळाडूचे किमान तीन पूर्ण सामने. माथ्यावरच्या आकड्याकडे पाहायला त्यानंतरही भरपूर वेळ उरतो.